मागून येऊन राह्यला

परतवाड्याहून धारणीला लोक एसटीनं जातात, नाहीतर शेअर जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून जातात. सायकलनं कोणी जात नाही. आम्ही दोघं जायचो, दर हिवाळ्यात, जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलींवर. या वेळी मी एकटा गेलो. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी ही हकिकत. त्या रस्त्यावरच्या लोकांना मी नव्यानं काही सांगावं असं उरलेलं नाही, ते मला शिव्या घालून मोकळे झाले आहेत.

दोघं म्हणजे मी आणि हनीफ. माझं अमरावतीत चष्म्यांचं दुकान आहे. हनीफ अकोल्याचा, पिंजाऱ्याच्या घरातला. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरायच्या, हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. सासुरवाडी अमरावतीची, म्हणून तो एकदा माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, डोळ्यांत रुई जाते, बंद गॉगल द्या. मी दिला. पुढच्या वेळी तोच गॉगल लावून सायकलवर आला आणि म्हणाला, "चष्मेवाले, दुकानात बसून बसून बुरशी लागन तुमाले. चला मेळघाटात." मी गेलो. त्यानंतर त्यानं मला जन्मभर चष्मेवालेच म्हटलं.

दोघांत मी पुढे आणि तो मागे, हे ठरूनच गेलं होतं. तो हळू होता असं नाही. माणूस दिसला की तो थांबायचा. गुराखी, फॉरेस्टचा गार्ड, मोहाखाली बसलेली म्हातारी, कोणीही चालायचं. मी पुढे जाऊन चहावाल्याला सांगायचो, "दोन टाका, एक मागून येऊन राह्यला." आणि नियम असा की मागचा आल्याशिवाय पुढच्यानं तोंडात घास घालायचा नाही. नियम हनीफनंच केला होता, अर्थात.

अकोला

हनीफच्या चाळिसाव्याला, म्हणजे मरणाच्या चाळिसाव्या दिवशी, मी अकोल्याला गेलो. हनीफ पावसाळा संपता संपता गेला. हार्ट. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून गाद्यांच्या थप्पीवर आडवा झाला, तो उठलाच नाही. इतके घाट चढला आणि उतरला, एकदा तर अस्वलासमोरून सायकल काढली, आणि शेवटी गेला तो गादीवर. स्वतः ऐकायला असता तर यावर पोट धरून हसला असता. दुकानाचं शटर तसंही वर्षभर अर्ध्यावरच होतं. शहरात फोमच्या गाद्या आल्या होत्या, आणि खेड्यातून रजई भरायला येणारं गिऱ्हाईक आटलं होतं. कापूस पिकवणाऱ्याच्याच घरात रजईपुरता कापूस राहत नव्हता, अशी ती वर्षं. हनीफचं बोलणंही कमी झालं होतं. मी विचारलं नाही. आमच्यात चढावर बोलायची पद्धत नव्हती, आणि उतारावर वारा असायचा.

भाभी, म्हणजे हनीफची बायको, इद्दतमध्ये होत्या. आमच्याकडे तेरावं झालं की लोक आपापल्या कामाला मोकळे होतात. त्यांच्याकडे बाईला चार महिने दहा दिवस घरात बसावं लागतं आणि परक्या पुरुषासमोर येता येत नाही. ज्या बाईनं "खा नं भाऊ, लाजता काऊन" म्हणत मला वर्षानुवर्षं ताटभर वाढलं, ती आता पडद्यामागून बोलत होती. हनीफचे थोरले भाऊ माझ्याशेजारी बसून होते.

"घरच्याइले समजलं, गल्लीतल्याइले समजलं," भाभी म्हणाल्या. "पन भाऊ, तुमच्या रस्त्यावरच्या लोकाइले कोन सांगन?"

"कोणाला?"

"चाहावाल्याले. भजेवाल्या काकूले. थो जंगलातला बुढा. थे सारे दर साली याइची वाट पायतात. कोनं सांगतलंच नाही त पायतच राह्यतीन."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पण वऱ्हाडात मरणाची खबर माणसानं जाऊन द्यायची असते, आणि तिकडे जंगलात तसेही फोन लागत नाहीत. मी म्हटलं, जातो.

"मंग बुढ्याची रजई बी घेऊन जा. भरून ठेवली होती त्याईनं."

थोरल्या भावांनी रजई बाहेर आणली. लाल छिटाची, जाड, सुतळीनं बांधलेली. माझ्या सायकलला कॅरिअर नाही. असल्या सायकलीला कॅरिअर नसतंच. हनीफनं मात्र आपल्या सायकलीला दूधवाल्यासारखं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं होतं आणि मी त्याला त्यावरून आयुष्यभर चिडवलं होतं. आता रजई न्यायची म्हणजे त्याचीच सायकल न्यावी लागणार होती. नेली.

परतवाडा

एसटीच्या टपावर सायकल टाकून परतवाड्याला उतरलो. थंडी छान पडली होती. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, त्यांवर गवत झाकलेलं, आणि पलीकडे मेळघाटचे डोंगर निळे. शेतांतला कापूस शेवटच्या वेचणीला आला होता. बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या.

हनीफ बुटका होता, त्याची सीट खाली. उंच करायला गेलो तर नट गंजून बसलेला. गुडघे कानाला लावत चौकापर्यंत आलो. चौकात हेल्मेट पाहून एक म्हातारा धोतर सावरत उठला आणि म्हणाला, "पॅकेजवाले का तुमी? आमचं नाव राह्यलं." त्या वर्षांत आमच्या भागात डोक्यावर काहीही विचित्र घालून आलेला माणूस शेतकऱ्यांच्या मदतीच्या पॅकेजची यादी करणारा सरकारी नाहीतर पेपरचा असायचा. मी म्हटलं, नाही बाबा. हनीफला असं विचारलं की तो म्हणायचा, "हाव बाप्पा, गादीचं पॅकेज हाय, झोपा निवांत," आणि म्हातारेसुद्धा हसायचे. मला तसं जमत नाही. म्हातारा परत बसला.

बबनभाऊचं हॉटेल एसटी स्टँडच्या पाठीमागे. हॉटेल म्हणजे पत्रा, भट्टी, दोन बाकं. आलूबोंडा मात्र अमरावतीतही असा मिळत नाही. त्या दिवशी बाकावर तीनचार शेतकरी बसले होते आणि कोणी बोलत नव्हतं. मला काय ते कळलं. जवळच्या एखाद्या गावात कोणीतरी फवारणीचं औषध घेतलेलं असणार. तेव्हा हॉटेलात अशी शांतता पडली की कोणी कारण विचारत नसे.

"या चष्मेवाले!" बबनभाऊ भट्टीमागून ओरडला. "हनीफभाई कुठं हाय?"

सांगायलाच तर आलो होतो. एसटीत वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं: बबनभाऊ, वाईट बातमी आहे. पण ती बाकावरची माणसं, ती शांतता, आणि त्यात आणखी एक मेलेला आणून ठेवायचा. तोंड उघडलं आणि सवयीचं तेच बाहेर पडलं.

"मागून येऊन राह्यला."

बबनभाऊनं खाली पाहिलं. "पन त्याची सायकल त तुमच्याखाली हाय."

"माझी त्याच्याकडे आहे. गिअर बिघडले होते, म्हणून बदलली."

पाहा, एक खोटं बोललं की दुसरं आपोआप पायाशी येऊन बसतं. बबनभाऊनं दोन चहा टाकले. मी माझा प्यायलो, हनीफ बाजारातून परस्पर घाटाला लागेल असंही सांगितलं आणि निघालो. त्यानं हनीफच्या वाटणीचे आलूबोंडे पेपरमध्ये बांधले आणि धारणीच्या जीपवाल्या गुणवंतला हाक मारून दिले. "हनीफभाई रस्त्यात दिसन. हातात दे. गरम हायेत म्हन."

मी पायडल मारलं. वळून पाहिलं नाही.

घाट

घाटाचं वर्णन करायला मला फार येत नाही. सागाची पानं वाळून ताटाएवढी झालेली, चाकाखाली आली की पापडासारखी वाजतात. वर गेलं की हवा बदलते, अमरावतीचा धुरळा नाकातून जातो. खाली दरीत सिपना नदी मधूनच चमकते. रस्ता म्हणाल तर डांबर हे खड्ड्यांच्या मधे मधे होतं. चढावर रजई एका बाजूला कलली आणि सायकल सारखी दरीकडे ओढायला लागली. एका वळणावर सुतळी सुटून रजई मागच्या चाकात गेली. हेल्मेटचा पट्टा कापून ती परत बांधली, आणि पुढचा सगळा घाट उघड्या डोक्यानं चढलो. कॅरिअर काही हललं नाही. वेल्डिंग पक्कं होतं, हे कबूल करतो.

सेमाडोहला मुक्काम केला. तिथं चौकीदारानं विचारलं, त्यालाही मी तेच सांगितलं. पुढच्या नाक्यावरच्या गार्डालाही तेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काही जड गेलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. त्या रस्त्यावर जोवर मी बोललो नव्हतो तोवर हनीफ कुठंतरी मागच्या वळणावर गुराख्याशी गप्पा मारत होता. मला त्याची फार आठवण येत होती. हे एकदाच लिहितो.

धारणीच्या अलीकडे

धारणीच्या अलीकडे रस्त्यापासून आत कोरकूंचा एक पाडा आहे. तिथं मोतीलाल बुढा राहतो. फार वर्षांपूर्वी हनीफची चेन इथंच तुटली होती आणि आम्ही त्याच्या घरात मुक्काम केला होता. मोतीलालनं घरातली एकुलती गोधडी आम्हाला दिली आणि स्वतः चुलीपाशी बसून राहिला. हनीफनं ती गोधडी चिमटीत धरून पाहिली आणि "च्यक" केलं. दिल्याबद्दल आभार नाहीत, काही नाहीत, पिंजाऱ्याचा अपमान झाला होता. पुढच्या हिवाळ्यात तो रजई घेऊन आला. त्यानंतर रीतच पडली. दरवर्षी नवी रजई द्यायची, आणि वर्षभर वापरून दबलेली जुनी परत न्यायची. ती उसवून, कापूस पुन्हा पिंजून, पुढच्या वर्षीची नवी भरायची. तोच कापूस वर्षानुवर्षं घाट चढउतार करत होता.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शेणानं सारवलेलं अंगण लखलखीत. कोरकूंची घरं आमच्या शहरातल्या घरांपेक्षा स्वच्छ असतात, पुण्याहून आलेल्या माझ्या साडूला हे पटत नाही, पण आहे. मोतीलालनं जुनी रजई घडी घालून, दोरीनं बांधून ओट्यावर आधीच ठेवलेली.

"साथी?" त्यानं विचारलं. तो आमच्याशी हिंदीत बोलतो, आम्ही त्याच्याशी वऱ्हाडी हिंदीत.

"पीछे आ रहा."

तो हसला. "हमेशा पीछे." मग त्याच्या बायकोला कोरकूत काहीतरी सांगितलं. कुटकीचा भात शिजला, उडदाचं वरण झालं, मक्याच्या भाकरी झाल्या. कोंबडी कापली. ती दोन पाहुण्यांसाठी होती. पानं मांडली, आणि सगळे बसून राहिले. कोणी जेवेना. मोतीलाल नाही, त्याची बायको नाही, मुलगा नाही, सून नाही.

"खाओ ना," मी म्हटलं.

"साथी आएगा तब," मोतीलाल म्हणाला. "उसका ही नियम है."

सावल्या लांबू लागल्या. वरणावर साय धरली. सून मधूनच रस्त्यापर्यंत जाऊन पाहून यायची. मी शब्द जुळवत होतो, आणि शब्द जुळून तयार झाले की पाण्याचा घोट घ्यायचो. असं किती पाणी प्यायलो देव जाणे.

तेवढ्यात गुणवंतची जीप आली. नेहमी रस्त्यावरून हॉर्न वाजवत निघून जाणारी जीप या वेळी आत पाड्यात वळली. गुणवंत उतरला, हातात तेलानं पारदर्शक झालेला पेपरचा पुडा. त्याच्याबरोबर नाक्यावरचा गार्ड.

"चष्मेवाले, तुमचा जोडीदार मांगं नाही," तो म्हणाला. "काल धारनीले येताना पायलं, आज परतवाड्याले जाऊन वापस येताना पायलं. सेमाडोहले नाही, नाक्यावर नाही. त्या मोठ्या वळनावर चाकाच्या खुना दिसल्या दरीच्या कडेले. आमी दोघं खाली उतरलो. हाका मारल्या. पॅसिंजर जीपमध्ये बसून होते, थे बी उतरून हाका मारत होते, हनीफभाई, हनीफभाई करून. काई नाही. आता धारनीहून मानसं घेऊन पुन्ना जातो, अंधाराच्या आत. तुमी चला संगं. कुठं पायलं होतं शेवटचं?"

त्या खुणा माझ्या होत्या. रजई चाकात गेली तेव्हाच्या.

मोतीलाल उठला आणि कुऱ्हाड घेऊन जीपकडे निघाला. मुलगा त्याच्या मागे.

"थांबा," मी म्हटलं. "तो दरीत नाही. तो अकोल्याला आहे. वारला तो. पावसाळ्यातच वारला. मी सांगायलाच आलो होतो."

मोतीलालला मराठी शब्द पुरता कळला नसावा. त्यानं गुणवंतकडे पाहिलं. गुणवंतनं हिंदीत सांगितलं, "मर गया, बाबा. पहलेच." मग तो माझ्याकडे वळला.

"मंग काल काऊन नाही सांगतलं? अबे, आमी दरीत उतरलो नं! माही पॅसिंजर म्हातारी काट्यात हात फाडून बसली. मेलेल्या मानसाले हाका मारायला लावल्या तुमी आमाले. चष्मेवाले हा नं तुमी? लोकाइले दिसावं म्हनून दुकान हाय नं तुमचं?"

मी म्हटलं, चुकलं. दुसरं काय म्हणणार? तो आणखी बोलला, ते इथं छापण्यासारखं नाही. गार्ड मात्र खाली बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग गुणवंतही ओट्यावर बसला, हातातल्या पुड्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी मोतीलालच्या बायकोनं त्याच्या हातातून पुडा घेतला, आलूबोंडे मोडले आणि सगळ्यांच्या पानांत एकेक तुकडा ठेवला. गार शिळे आलूबोंडे. मोतीलाल म्हणाला, "अब खाओ." आम्ही जेवलो. गुणवंतही जेवला, माझ्याकडे न पाहता.

निघताना मी लाल रजई दिली. मोतीलालनं ती चिमटीत धरून पाहिली, अगदी हनीफ पाहायचा तशी. मग मी सवयीनं जुनी उचलायला गेलो. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"ये अब नहीं देगा," तो म्हणाला. "दबेगा तो दबेगा."

दोन्ही त्यानं आत नेल्या.

हिवरखेड

तिथून खाली हिवरखेडला उतरलो. उतार चांगला आहे, ब्रेक मात्र हनीफचे, त्याच्या हाताला सवयीचे, त्यांनी मला सगळा रस्ता दातओठ खायला लावले. खाली आलं की जंगल सरतं, पुन्हा काळी जमीन, कपाशीची पऱ्हाटी, तुरी, आणि छोट्या गाडीची शिट्टी. हिवरखेडहून त्या मीटरगेजच्या गाडीत सायकली टाकून अकोल्याला जायचं, हा आमचा शेवटचा टप्पा असे. त्याआधी स्टेशनजवळच्या काकूंकडे मिरचीचे भजे.

काकूंचा नवरा कधीच गेला. शेत भाच्याकडे, आणि काकू गाडीच्या वेळेला कढई मांडतात. मला पाहून त्यांनी बेसनात हात घातला.

"हनीफ कुठं हाय रे?"

या वेळी मी सायकलवरून उतरायचीसुद्धा वाट पाहिली नाही. "काकू, हनीफ वारला. दोन-अडीच महिने झाले."

त्यांचा हात बेसनातच राहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. प्लॅटफॉर्मवर दोन माणसं होती, लांब. मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, जसं त्या वर्षांत आमच्याकडे सगळेच विचारायचे.

"औषध?"

"नाही हो काकू. हार्ट."

"बरं झालं वं माय!" काकू म्हणाल्या, आणि छातीतून मोठा श्वास सोडला.

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. बेसनाचा हात त्यांनी तोंडावर मारला, ओठांना, नाकाला पीठ लागलं. "अरे देवा, तसं नाही रे," त्या म्हणाल्या, आणि तशाच रडायला लागल्या. मी म्हटलं, मला कळलं काकू. कळलंच होतं. गाडी येईपर्यंत आम्ही तिथं बसलो. भजे जळले, दुसरे तळले.

अकोला

सायकल परत द्यायला घरी गेलो. तीच बैठक, तोच पडदा, थोरले भाऊ तिथंच.

"सांगतलं सगळ्याइले?" भाभींनी आतून विचारलं.

"सांगितलं. बबनभाऊ राहिला होता, त्याला गुणवंतनं सांगितलं असेल एव्हाना, माझ्या नावानं चार शिव्यांसकट."

"कोन काय म्हनलं?"

मी सगळं सांगितलं. माझं खोटं, दरीतल्या हाका, गुणवंत. मोतीलालनं दोन्ही रजया ठेवून घेतल्या हे ऐकून आतून हसल्यासारखा आवाज आला. काकूंचं सांगू की नको, असं झालं. पण एकदा लपवून पाहिलं होतं, पुरे झालं होतं. तेही सांगितलं, जसंच्या तसं.

थोरल्या भावांनी मान खाली घातली.

"भाऊ," मग भाभी म्हणाल्या, "दुकानाचं शटर अर्धं हाय आनि थे उठून नाही राह्यले, असं सांगत पोरगा धावत आला नं, तवा माह्या मनात एकच होतं. डाक्टरनं हार्ट म्हनलं, त माह्या बी तोंडातून पयले थेच निंगालं. बरं झालं."

थोरले भाऊ उठून खिडकीपाशी गेले. आत भांड्यांचा आवाज झाला, आणि पडद्याखालून एक ताट बैठकीत सरकलं.

"जेवून घ्या भाऊ," भाभी म्हणाल्या. "आता कोनाची वाट पायाची नाही."